उष्णतेच्या लाटेचा अंदाज: त्यावर किती विसंबावे आणि इशारा आल्यावर काय करावे

उन्हाळ्यात मोबाइलवर, रेडिओवर किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर 'पुढील तीन दिवस उष्णतेची लाट' असा इशारा येतो. तो वाचल्यावर रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबापुढे दोन प्रश्न उभे राहतात. हा अंदाज खरा ठरेल का? आणि खरा ठरणार असेल, तर आजच्या मजुरीचे काय?

या लेखात उष्णतेच्या लाटेचा अंदाज कसा तयार होतो, तो किती दिवस आधीपर्यंत भरवशाचा असतो, कोठे कमी पडतो आणि त्याच्या आधारे तुम्ही कोणती तयारी करू शकता, याची माहिती दिली आहे. कामाच्या ठिकाणच्या सुविधा, विमा आणि शासकीय मदत यांचा या अंदाजाशी काय संबंध आहे, तेही सांगितले आहे.

थोडक्यात उत्तर

• लाट येणार की नाही आणि साधारण कोणत्या भागात येणार, हे दोन-तीन दिवस आधी चांगल्या भरवशाने सांगता येते.
• पारा नेमका किती अंशांवर जाईल, रात्र किती तापेल आणि तुमच्या पत्र्याच्या घरात किती उकाडा होईल, हे त्या अंदाजातून कळत नाही.
• म्हणून नेमक्या आकड्याची वाट पाहू नका. इशाऱ्याचा रंग, हवेतील दमटपणा आणि रात्रीचा उकाडा पाहून निर्णय घ्या.
• विम्याचे किंवा मदतीचे पैसे अंदाजावर मिळत नाहीत. ते प्रत्यक्ष नोंदीवर आणि कागदपत्रांवर मिळतात.

उष्णतेची लाट कशाला म्हणतात?

भारतीय हवामान विभागाचे (आयएमडी) निकष असे आहेत:

• मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस, डोंगराळ भागात ३० अंश आणि किनारपट्टीवर ३७ अंश असले पाहिजे. त्यानंतरच लाटेचा विचार होतो.
• ही अट पूर्ण होऊन तापमान त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल, तर ती उष्णतेची लाट. ६.४ अंशांपेक्षा जास्त फरक असेल, तर तीव्र लाट.
• सरासरी काहीही असो, मैदानी भागात कमाल तापमान ४५ अंशांवर गेले तर लाट आणि ४७ अंशांवर गेले तर तीव्र लाट मानली जाते.
• हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस अशी स्थिती राहिली, तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

पहिली, लाट 'जाहीर' होते तेव्हा कडक उन्हाचा एक दिवस आधीच होऊन गेलेला असतो. इशारा मात्र त्याच्या कितीतरी आधी येतो. म्हणून बातमीची नव्हे, इशाऱ्याची दखल घ्या.

दुसरी, निकषात बसत नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका. विदर्भात मे महिन्यात सरासरी कमाल तापमानच ४२-४३ अंशांच्या आसपास असते. तेथे पारा ४४ अंशांवर गेला तरी नियमानुसार ती लाट ठरणार नाही. उघड्यावर खोदकाम करणाऱ्या माणसासाठी मात्र ते ऊन घातकच असते.

अंदाज कसा तयार होतो?

हवामानाचा अंदाज संगणकावरील प्रारूपांच्या, म्हणजे मॉडेलच्या, साहाय्याने काढला जातो. मॉडेल पृथ्वीभोवतीच्या हवेचे लहान-लहान चौकोन पाडते. प्रत्येक चौकोनातील तापमान, वारा, दाब आणि बाष्प यांची आजची स्थिती उपग्रह, हवामान केंद्रे, फुगे आणि समुद्रातील तरंगक यांच्याकडून घेतली जाते. त्यानंतर भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी पुढील दिवसांची स्थिती काढली जाते.

भारतात हे काम हवामान विभाग, पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि नोएडातील राष्ट्रीय मध्यम अवधी हवामान अंदाज केंद्र मिळून करतात. २०१८ पासून १२ किलोमीटरच्या चौकोनांचे मॉडेल वापरात आहे. पुण्याच्या संस्थेने विकसित केलेली ६ किलोमीटरच्या चौकोनांची 'भारत फोरकास्ट सिस्टीम' मे २०२५ मध्ये सुरू झाली. पुण्यातील 'अर्का' आणि नोएडातील 'अरुणिका' हे महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले.

आजच्या स्थितीची नोंद कधीच पूर्ण अचूक नसते. म्हणून सुरुवातीच्या नोंदीत थोडा-थोडा फरक करून मॉडेल अनेक वेळा चालवले जाते. हवामान विभागाच्या एका प्रणालीत ते २१ वेळा चालवतात. एकवीसपैकी बहुतेक वेळा एकच उत्तर आले, तर अंदाज भरवशाचा. उत्तरे विखुरली, तर अंदाजात अनिश्चितता जास्त. 'शक्यता आहे', 'दाट शक्यता आहे' असे शब्द बातमीपत्रात येतात, त्यामागे हाच हिशेब असतो.

लाटेचा अंदाज वळवाच्या पावसापेक्षा भरवशाचा का?

वळवाचा पाऊस एका गावात पडतो आणि शेजारच्या गावात पडत नाही. इतका लहान ढग मॉडेलच्या चौकोनात नीट मावत नाही.

उष्णतेची लाट वेगळी असते. शेकडो, कधी हजारो किलोमीटर पसरलेला जास्त दाबाचा पट्टा काही दिवस एका भागावर ठाण मांडून बसतो. त्याखाली हवा वरून खाली येते, दाबली जाते आणि तापते. आकाश निरभ्र राहते. जमीन कोरडी असेल, तर उन्हाची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च न होता थेट हवा तापवते. त्यात राजस्थानकडून कोरडे, गरम वारे आले की मध्य भारत, विदर्भ, तेलंगणा या भागांत पारा झपाट्याने चढतो.

एवढी मोठी आणि सावकाश सरकणारी रचना मॉडेलला आधीच दिसते. म्हणूनच लाटेचा इशारा काही दिवस आधी देणे शक्य होते.

किती दिवस आधीचा अंदाज किती उपयोगी?

• हंगामाचा अंदाज: एप्रिल ते जून या काळासाठी हवामान विभाग मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला अंदाज देतो. यंदा लाटेचे दिवस नेहमीपेक्षा जास्त असतील का, एवढेच त्यातून कळते. तारीख कळत नाही. पाण्याची साठवण, छपराची दुरुस्ती आणि कागदपत्रांची तयारी यांसाठी हा अंदाज वापरा.

• दोन ते चार आठवड्यांचा अंदाज: दर गुरुवारी दिला जातो. कोणत्या आठवड्यात, कोणत्या प्रदेशात तापमान जास्त राहील याचा कल कळतो. पहिल्या-दुसऱ्या आठवड्याचा कल जास्त भरवशाचा असतो, पुढचा कमी. लग्नाची तारीख, स्थलांतर किंवा कामाचा ठेका ठरवताना तो पाहावा, पण त्यावरच विसंबू नये.

• चार ते सात दिवसांचा अंदाज: लाट येण्याची चिन्हे चांगली कळतात. ती नेमकी कधी सुरू होईल आणि किती तीव्र असेल यात फरक पडू शकतो. मुकादमाशी कामाच्या वेळेबद्दल बोलायला हाच योग्य काळ आहे.

• एक ते तीन दिवसांचा अंदाज: सर्वांत भरवशाचा. जिल्हावार रंगीत इशारा याच काळासाठी पाहायचा असतो. दिवसाचे नियोजन त्यावर करा.

अंदाज सतत बदलत असतो. चार दिवसांपूर्वी वाचलेला इशारा मनात धरून बसू नका. रोज संध्याकाळी एकदा नवा इशारा पाहा.

अंदाज कोठे कमी पडतो?

१. टोकाचा आकडा

नेहमीची लाट मॉडेल चांगली ओळखते. विक्रम मोडणारी लाट येते तेव्हा 'खूप तापेल' हे आधी कळते, पण नेमके किती, हे कमी सांगितले जाण्याची शक्यता असते. जितके दिवस आधीचा अंदाज, तितका तो सरासरीकडे झुकतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नवी मॉडेल मागच्या नोंदींवरून शिकतात. जे मागे कधी घडलेच नाही, ते ओळखणे त्यांना जड जाते. म्हणून 'अंदाज ४४ चा आहे, म्हणजे ४४ च होणार' असे धरू नका. एक-दोन अंश वर जाऊ शकते, हे गृहीत धरा.

२. किनारपट्टी आणि दमट उकाडा

किनाऱ्यावरचे तापमान समुद्रावरचा वारा दुपारी किती वाजता आत येतो यावर ठरते. तो तासाभराने उशिरा आला तरी पारा बराच चढतो. आंध्र प्रदेश, ओडिशा, कोकण आणि गोवा येथे त्यामुळे अंदाज अवघड होतो.

दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. त्यामुळे आकडा कमी असूनही धोका मोठा असतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे खुल्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातील तापमानाची नोंद सुमारे ३८ अंशांची होती. केवळ अंश पाहणाऱ्याला हा दिवस धोक्याचा वाटला नसता. तापमान आणि आर्द्रता एकत्र धरून शरीराला जाणवणारी उष्णता दाखवणारा उष्णता निर्देशांक हवामान विभागाने २०२३ पासून प्रायोगिक स्वरूपात देण्यास सुरुवात केली आहे.

३. रात्रीचा उकाडा

दिवसभर तापलेले शरीर रात्री निवते. रात्रही तापली, तर दुसऱ्या दिवशी माणूस थकलेल्या अवस्थेतच उन्हात जातो. लाटेच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्रास वाढतो, त्याचे हे एक कारण आहे. इशाऱ्यात 'उष्ण रात्र' असा उल्लेख असेल, तर तो नारिंगी इशाऱ्याइतकाच गांभीर्याने घ्या.

४. तुमचे घर, तुमची गल्ली

६ किंवा १२ किलोमीटरच्या एका चौकोनात अख्खे गाव, शेत, वस्ती आणि तलाव येतात. मॉडेल त्या सगळ्यांसाठी एकच तापमान देते. शिवाय सरकारी तापमान जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीतील पेटीत मोजलेले असते. वीटभट्टी, डांबरी रस्ता, पत्र्याची खोली किंवा दाट वस्ती येथे त्याहून जास्त उष्णता असते.

५. मोजमापातील चूक

कधी अंदाज बरोबर असतो आणि मोजणारे यंत्र चुकते. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंशांची नोंद केली. तपासणीत तेथील संवेदक ३ अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले. देशातील सर्वाधिक तापमानाची मान्य नोंद राजस्थानातील फलोदी येथील आहे: १९ मे २०१६, ५१ अंश. समाजमाध्यमांवर फिरणारा आकडा किंवा मोटारीतील, मोबाइलमधील आकडा सरकारी नोंद मानू नका.

६. लाटेचा शेवट

लाट कधी संपेल, हे ती कधी येईल यापेक्षा सांगणे अवघड असते. धुळीचे वादळ, वळवाचा पाऊस किंवा ढगांचे आच्छादन आले की पारा उतरतो, आणि या लहान घडामोडी मॉडेलला उशिरा कळतात. इशारा मागे घेतला जाईपर्यंत खबरदारी सोडू नका.

इशारा खोटा ठरला तर?

अंदाज दोन प्रकारे चुकतो. लाट येते पण इशारा नसतो, किंवा इशारा असतो पण लाट येत नाही. दुसऱ्या प्रकारची चूक झाली की लोक म्हणतात, 'हवामानवाल्यांचे काही खरे नाही' आणि पुढच्या वेळी दुर्लक्ष करतात. तुलना करून पाहा. इशारा खोटा ठरला, तर तुम्ही पहाटे लवकर कामाला गेलात आणि दुपारी सावलीत बसलात, एवढेच झाले. इशारा खरा ठरला आणि तुम्ही दुर्लक्ष केले, तर घरातला कर्ता माणूस जाऊ शकतो.

रोजी बुडवणे प्रत्येकाला परवडत नाही, हे खरे आहे. म्हणून काम बंद करण्याआधी कामाची वेळ बदलण्याचा विचार करा.

नुसता अंदाज पुरत नाही

जून २०२१ मध्ये कॅनडाच्या पश्चिम भागात अभूतपूर्व लाट आली. लिटन या गावात २९ जूनला ४९.६ अंशांची नोंद झाली. असाधारण उष्णता येणार, हे मॉडेलनी काही दिवस आधी दाखवले होते. तरीही एका ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ६१९ लोकांचा मृत्यू झाला आणि त्यातील बहुतेक जण घरातच दगावले. वृद्ध आणि एकटे राहणारे लोक त्यांत मोठ्या संख्येने होते.

याउलट अहमदाबादचे उदाहरण पाहा. मे २०१० च्या लाटेत तेथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे अभ्यासात आढळले. त्यानंतर २०१३ मध्ये महापालिकेने उष्णता कृती आराखडा सुरू केला. अंदाज आला की कोणी कोणाला कळवायचे, दवाखान्यात काय तयारी ठेवायची, पाणपोया कोठे लावायच्या, हे आधीच ठरवले. पुढील अभ्यासात या आराखड्यामुळे वर्षाला हजाराहून अधिक मृत्यू टळत असल्याचा अंदाज मांडला गेला. ओडिशातही १९९८ च्या लाटेत अधिकृत नोंदीनुसार २,०४२ मृत्यू झाल्यानंतर राज्याने पूर्वतयारीवर भर दिला.

अंदाज तोच असतो. जीव वाचतो तो त्यावर ठरवून केलेल्या कामामुळे. तुमच्या शहराचा किंवा जिल्ह्याचा उष्णता कृती आराखडा आहे का, हे महापालिकेत किंवा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारा.

इशाऱ्याचा रंग आणि तुमची कृती

हिरवा: विशेष कृतीची गरज नाही. नेहमीची उन्हाळी काळजी घ्या.

पिवळा (लक्ष ठेवा): लहान मुले, वृद्ध, गरोदर महिला आणि मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांना दुपारी बाहेर पाठवू नका. डोक्यावर रुमाल किंवा टोपी ठेवा. तहान नसली तरी पाणी प्या.

नारिंगी (तयार राहा): जड काम सकाळी लवकर आणि संध्याकाळी करा. दुपारी १२ ते ३ या वेळेत शक्यतो उन्हात राहू नका. एकट्याने काम करू नका. दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवा. घरात ओआरएसची पाकिटे ठेवा. ताक, लिंबू सरबत, पन्हे घ्या. मद्य टाळा.

लाल (कृती करा): दुपारचे उघड्यावरचे काम टाळा. पत्र्याच्या घरातील वृद्धांना दुपारपुरते समाजमंदिर, शाळा किंवा सावलीच्या थंड जागी न्या. शेजारी एकटे राहणारे कोणी असेल, तर दिवसातून दोनदा विचारपूस करा. जनावरांना सावलीत बांधा आणि पाणी पाजा.

कामावर नवीन आलेला किंवा गावाहून नुकताच परतलेला माणूस उन्हाला सरावलेला नसतो. त्याला पहिले काही दिवस कमी वेळ आणि हलके काम द्या.

इशारा कोठे पाहावा?

• हवामान विभागाचे 'मौसम' ॲप आणि संकेतस्थळ: जिल्हावार इशारे.
• राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे 'सचेत' ॲप: तुम्ही असाल त्या ठिकाणचे इशारे, भारतीय भाषांमध्ये.
• 'मेघदूत' ॲप: शेतकऱ्यांसाठी हवामान आणि पीक सल्ला.
• स्मार्टफोन नसेल, तर आकाशवाणी, आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा ग्रामपंचायत.

कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात गेला असाल, तर गावाकडचा नव्हे, कामाच्या ठिकाणचा जिल्हा निवडा. सुरतेत किंवा हैदराबादेत काम करणाऱ्याला गावच्या जिल्ह्याचा इशारा उपयोगाचा नाही.

कामाच्या ठिकाणी काय मागता येते?

• रोजगार हमीची कामे: मनरेगा कायदा, २००५ च्या दुसऱ्या अनुसूचीत कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी, विश्रांतीसाठी सावली आणि प्रथमोपचार पेटी यांची तरतूद करण्यात आली. पाच वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले कामावर येत असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका महिलेची नेमणूक करण्याचीही तरतूद त्यात करण्यात आली. सध्या लागू असलेले नियम ग्राम रोजगार सेवकाकडे विचारून घ्या.

• बांधकाम मजूर: इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असेल, तर ती चालू आहे का ते उन्हाळ्यापूर्वी तपासा. नूतनीकरण राहिले असेल, तर मंडळाचे लाभ अडतात.

• कामाची वेळ: केंद्रीय श्रम मंत्रालय राज्यांना उन्हाळ्यात कामाच्या वेळा बदलण्याच्या सूचना देते. ओडिशासारखी राज्ये भर उन्हाळ्यात दुपारच्या वेळी मजुरांकडून उघड्यावर काम करून घेण्यास मनाई करतात. नारिंगी किंवा लाल इशारा आला, की तो मोबाइलवर दाखवून वेळ बदलण्याची मागणी चार-पाच जणांनी मिळून करा. तोंडी बोलण्यापेक्षा सरकारी इशाऱ्याचा आधार घेतलेली मागणी टाळणे मुकादमाला अवघड जाते.

विमा आणि मदत: अंदाज नव्हे, नोंद महत्त्वाची

हवामान आधारित फळपीक विमा: केळीसारख्या पिकांना जास्त तापमानापासून संरक्षण मिळते. भरपाई ठरते ती तुमच्या मंडळासाठी ठरवलेल्या संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदीवरून. तुमच्या शेतातील तापमानावरून किंवा अंदाजावरून नाही. विमा घेताना तुमचे संदर्भ केंद्र कोणते, कोणत्या महिन्यात किती अंश आणि सलग किती दिवस, हे विचारून लिहून घ्या.

महिला कामगारांचा उष्णता विमा: 'सेवा' या असंघटित महिला कामगारांच्या संघटनेने २०२३ पासून सदस्यांसाठी असा विमा सुरू केला. तापमान ठरलेल्या पातळीवर गेले की आजारपणाचा पुरावा न मागता रक्कम मिळते. तुम्ही सदस्य असाल, तर तुमच्या जिल्ह्यासाठी ठरलेली पातळी विचारून घ्या.

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना: १८ ते ५० वयातील बँक खातेदाराला वर्षाला ४३६ रुपये हप्त्यात घेता येते. नोंदणीनंतरचे पहिले ३० दिवस सोडता, कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. उष्माघाताने झालेला मृत्यूही त्यात येतो. मे महिन्यात पासबुक पाहून हप्ता कापला जाईल एवढी शिल्लक ठेवा.

आयुष्मान कार्ड: रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर संलग्न रुग्णालयात कार्ड दाखवा आणि आरोग्यमित्राला भेटा.

मृत्यूनंतरची शासकीय मदत: केंद्राच्या ज्या अधिसूचित आपत्तींवर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळते, त्या यादीत उष्णतेची लाट नव्हती. राज्यांना मात्र स्थानिक आपत्ती जाहीर करून या निधीचा १० टक्क्यांपर्यंत भाग वापरण्याची मुभा देण्यात आली. ओडिशा आणि केरळ यांनी तसे केले आहे. तमिळनाडूने २०२४ मध्ये आणि तेलंगणाने २०२५ मध्ये उष्णतेची लाट राज्याची आपत्ती जाहीर करून मृताच्या कुटुंबाला ४ लाख रुपये मदतीची तरतूद केली. मृत्यू ज्या राज्यात झाला, तेथील नियम तहसील कार्यालयात विचारा.

अशा दाव्यांत मृत्यू उष्णतेमुळेच झाला, हे दाखवणे सर्वांत कठीण असते. म्हणून पुढील गोष्टी लगेच करा:

१. रुग्णालयातील कागदावर दाखल करतानाचे शरीराचे तापमान, बेशुद्धी आणि उन्हात काम केल्याची माहिती लिहिली आहे का, ते पाहा.
२. वाटेतच मृत्यू झाला असेल, तर पोलीस आणि तलाठ्याला त्याच दिवशी कळवा. पंचनाम्याची प्रत मागा.
३. शवविच्छेदन करायचे का, हे डॉक्टर आणि पोलीस यांच्याकडून समजून घ्या. अंत्यसंस्कार झाल्यावर हा पुरावा उरत नाही.
४. त्या दिवशीच्या जिल्हा इशाऱ्याचे चित्र मोबाइलमध्ये जपून ठेवा. सोबत काम करणाऱ्या दोघांची नावे लिहून ठेवा.

उष्माघात कसा ओळखावा?

अंग तापलेले (४० अंश सेल्सिअस किंवा अधिक), असंबद्ध बोलणे, तोल जाणे, झटके किंवा बेशुद्धी ही उष्माघाताची लक्षणे आहेत. घाम थांबलेला असू शकतो किंवा येतही असू शकतो. घाम आहे म्हणून धोका नाही, असे समजू नका.

• १०८ किंवा ११२ वर फोन करा.
• वाहनाची वाट पाहत बसू नका. आधी शरीर थंड करा. सावलीत न्या, जादा कपडे काढा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. मान, काखा आणि जांघेत ओले फडके किंवा बर्फ ठेवा.
• माणूस शुद्धीत नसेल, तर तोंडात पाणी घालू नका.
• दवाखान्यात नेतानाही अंग ओले ठेवा.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: शेजारच्या जिल्ह्यात लाल आणि आमच्याकडे पिवळा इशारा आहे. आम्ही निश्चिंत राहावे का?
उत्तर: नाही. हवा जिल्ह्याची सीमा पाहून थांबत नाही. तुम्ही सीमेजवळ राहत असाल, तर जास्त गंभीर इशारा आपलाच समजा.

प्रश्न: ॲपमध्ये ४१ अंश आणि बातम्यांत ४४ अंश दिसते. खरे कोणते?
उत्तर: खासगी ॲप वेगवेगळी मॉडेल वापरतात. निर्णयासाठी हवामान विभागाचा जिल्हा इशारा पाहा.

प्रश्न: आभाळ भरून आले आहे. लाटेचा इशारा चुकला का?
उत्तर: ऊन कमी झाले तरी दमटपणा वाढलेला असतो. इशारा मागे घेतला आहे का ते पाहा. तोपर्यंत काळजी घ्या.

लक्षात ठेवा

लाट येणार का, या प्रश्नाचे मॉडेल दोन-तीन दिवस आधी भरवशाचे उत्तर देते. ती तुमच्या घरात, तुमच्या कामाच्या जागी किती तापेल, हे तुम्हालाच पाहावे लागते. रोज संध्याकाळी इशारा पाहा, दुसऱ्या दिवसाच्या कामाची वेळ ठरवा, घरातील वृद्ध आणि मुलांची सोय करा. विमा, नोंदणी आणि कार्ड यांची कागदपत्रे उन्हाळा सुरू होण्याआधीच एका पिशवीत काढून ठेवा.